आईची व्हिएतनामची एजन्सी

आई व्हिएतनामला इंग्रजी शिकवायला जाणार आहे, ही बातमी मला आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या अक्कांनी दिली. माझी सख्खी आई, माझ्याच घरात राहणारी, आणि मला कळणार कुणाकडून, तर पोळ्या लाटता लाटता अक्कांकडून! शिवाय त्यांनीच मला धीर दिला की घाबरू नका, एजन्सी सगळं बघून घेते.

आई बेळगावच्या एका शाळेत पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवत होती. बाबा गेले, पाठोपाठ मला मुलगी झाली, आणि तीन वर्षांपूर्वी आई मुदतीआधीच निवृत्ती घेऊन इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या फ्लॅटवर राहायला आली. म्हणजे आम्ही तिला आणलं. आता ती चोपन्नची आहे. दुपारी नात झोपली की कानात इअरफोन घालून बसायची. मला वाटायचं, मालिका बघत असेल, बघू दे बिचारीला. बाईसाहेब परदेशात इंग्रजी शिकवण्याचा एकशेवीस तासांचा कोर्स करत होत्या! सर्टिफिकेटसुद्धा आलं होतं, साड्यांच्या कपाटात.

"मला का नाही सांगितलंस?" मी तडकले.

"तू विचारलंस कधी, की आई, दुपारी काय करतेस?"

एजन्सीचं ऑफिस यशवंतपूरला होतं. शनिवारी मीही बरोबर गेले, म्हटलं, हा प्राणी बघू तरी. मेट्रो बदलून तासाभराने पोचलो. नळ आणि पाइप विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक खोली, भिंतीवर समुद्रकिनाऱ्याचं भलंमोठं पोस्टर. शाळेचा किंवा मुलांचा एकही फोटो नाही. माणूस मात्र गोड बोलणारा. नोकरी पक्की, व्हिसा आम्ही काढून देणार, विमानतळावर घ्यायला आमचा माणूस येणार. मग त्याने फी सांगितली. मी चहाचा कप खाली ठेवला.

आई शांत होती. "स्वल्प कम्मी माडी," ती म्हणाली, म्हणजे थोडं कमी करा. त्याने मान हलवली, फिक्स रेट आहे म्हणाला. आईने पर्सची चेन लावली, "सरी, ठीक आहे, नंतर बघू," म्हणत उठली आणि दाराकडे निघाली, अगदी सावकाश.

ही चाल मी लहानपणापासून ओळखते. लग्नाचा बस्ता असो की पायपुसणी, आई अशीच उठते. चिकपेटमधले साडीवालेही तिला आता ओळखून आहेत. तिसऱ्या पावलाला मागून हाक आली, "अम्मा, बन्नी, बन्नी!" म्हणजे या, या. आई परत आली, बसली, आणखी दोनदा उठली. शेवटी फी जवळजवळ निम्म्यावर आली, आणि वर तिकडचं सिमकार्ड फुकट. सोमवारी पैसे द्यायचं ठरलं. मी मोठ्या कंपनीत टीम सांभाळते, दिवसभर लोकांशी वाटाघाटी करते, पण त्या खोलीत माझी छाती आईसाठी अभिमानाने फुगली होती.

परतीच्या मेट्रोत आईचा चेहरा नुसता खुलला होता. मी सहज विचारलं, "शाळा कुठल्या गावात आहे?"

आई माझ्याकडे बघायला लागली.

"बरं, मुलं किती वयाची? तास किती? करार किती महिन्यांचा?"

"तू पण तिथेच होतीस की गं," आई म्हणाली.

होते ना! आमच्या घरात हे असंच. भाव पाडण्यात इतके रंगतो की घेतोय काय, ते बघायचं राहून जातं. अशाच रीतीने आमच्याकडे तीन इडलीपात्रं आहेत. दोघी हसत सुटलो, समोरच्या बाईने मोबाइलमधून मान वर काढून बघितलं.

पण घरी आल्यावर माझं डोकं फिरलं. मी रात्रंदिवस वाचून काढलं आणि एक्सेलमध्ये तक्ता केला. ज्या शाळांना खरंच शिक्षक हवे असतात त्या एजन्सीला स्वतः पैसे देतात, शिक्षकाकडून घ्यायला लावत नाहीत. सर्टिफिकेट हातात आहे, शाळांना थेट अर्ज करता येतो, मुलाखत घरबसल्या होते. मग या माणसाला द्यायचे कशाचे? विमानतळावर पाटी धरून उभं राहण्याचे?

"हो," आई म्हणाली. "त्याचेच. तू पहिल्यांदा परदेशी गेलीस तेव्हा तिकीट, हॉटेल, कागदांवरचे शिक्के कुणी बघितले? तुझ्या कंपनीने. तुझ्यामागे अख्खी कंपनी उभी होती. मी एकटी बाई, मध्यरात्री नको त्या गावात उतरले, तर फोन कुणाला करू? आणि थेट अर्जाला उत्तरच आलं नाही तर भांडू कुणाशी?"

खरं सांगायचं तर माझ्या तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. नवऱ्याकडे बघितलं, तर त्याने "दोघींचंही बरोबर आहे" असं जाहीर केलं आणि गाडी धुवायला खाली निघून गेला. गाडी आदल्याच दिवशी धुतलेली होती.

"मी आहे ना तुझ्यामागे," मी आईला म्हटलं. "एजन्सी नको. आपण दोघी बसून थेट अर्ज करू. या शनिवारी."

आईने सोमवारी त्या माणसाला फोन करून 'नको' म्हणून कळवलं. पहिल्या शनिवारी माझ्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. दुसऱ्या शनिवारी मुलीच्या मैत्रिणीचा वाढदिवस. तिसऱ्या शनिवारी माझं डोकं दुखत होतं, म्हणजे थोडं दुखत होतं. मात्र एजन्सीवाले कसे फसवतात याचे व्हिडिओ मी आईला रोज न चुकता पाठवत होते.

चौथ्या शनिवारी आई मटार सोलत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "समज, उद्या एका चांगल्या शाळेने स्वतःहून बोलावलं. एजन्सी नाही, फी नाही, तिकीटही त्यांचंच. मग जाऊ का मी?"

"म्हणजे काय, अगं, अवश्य! फक्त हिला दुपारी कोण..."

तोंडातून निघून गेलं. मी थांबले, पण उशीर झाला होता. महिनाभर मी ज्या गोष्टीला आईची काळजी म्हणत होते, ती माझ्या मुलीच्या दुपारची सोय होती. मला हे खरंच माहीत नव्हतं. किंवा असेल माहीत, कुणास ठाऊक.

आई चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, मला चिडलेल्या माणसाशी भांडता येतं. "हां," ती म्हणाली, "असं आहे होय. उगाच त्या बापड्याला महिनाभर चोर ठरवलंस. तो निदान आपली फी तोंडावर सांगतो." आणि राहिलेले मटार सोलायला लागली.

सोमवारी मी ऑफिसला दांडी मारून आमच्याच गल्लीतलं पाळणाघर बघून आले. दोन मिनिटांच्या अंतरावर होतं, तीन वर्षं तिथेच होतं. मग संध्याकाळी आम्ही दोघी अर्जाला बसलो. बऱ्याच शाळांनी उत्तर दिलं नाही. काहींना भारतीय पासपोर्टवाला शिक्षक चालत नव्हता, आणि ते वाचून मीच आईपेक्षा जास्त शिव्या घातल्या. शेवटी एका छोट्या गावातल्या शाळेने मुलाखतीला बोलावलं.

आई कडक इस्त्रीची सुती साडी नेसून लॅपटॉपसमोर बसली. नातीला घेऊन नवरा बागेत गेला होता. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बाजूला उभी होते. पलीकडच्या मुख्याध्यापक बाईंनी विचारलं, दंगा करणारा वर्ग कसा सांभाळाल? आईने असं काही उत्तर दिलं की त्या खळखळून हसल्या. वयाचं विचारलं, आईने ठणकावून सांगितलं. मी इतकी वर्षं तिला शिकवताना बघितलंच नव्हतं.

मग त्यांनी सगळ्यात सोपा प्रश्न विचारला, की तुम्ही कधीपासून येऊ शकाल?

आईने स्क्रीनवरून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं, बाहेर जायला परवानगी मागणारी वर्गातली मुलं बघतात तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हाताने "लगेच, लगेच" अशी खूण केली, तरी ती क्षणभर माझ्याकडेच बघत राहिली, खात्री करून घेत.