धुक्यात हात मागे

पन्हाळा आमच्या कबनूरहून काही फार लांब नाही. तरी लग्नानंतर इतक्या वर्षांत आम्ही दोघं मिळून तिथं कधी गेलो नव्हतो. पाहुणे आले की त्यांना कुणीतरी गड दाखवून आणायचं आणि आम्ही आमच्या यंत्रमागांपाशी थांबायचं. गेल्या श्रावणात मागांच्या सुट्टीदिवशी हे सकाळी म्हणाले, चल, आज जाऊन येऊ. मी लगेच कुलूप लावलं. डबासुद्धा केला नाही. वर झुणका-भाकरी मिळते, उगाच ओझं कशाला.

यांना ऐकू येत नाही, हे आधी सांगायला हवं. मागांच्या खडखडाटात उभा जन्म काढलेल्या माणसाचे कान जातात, तसे यांचे गेले. दोन्ही कानांत मशीन घालतात. ते काढलं की शेजारी ताशा वाजला तरी यांना पत्ता नसतो. आणि बाहेर पडलं की यांचं सगळं सामान माझ्या पर्समध्ये. चष्मा, मोबाईल, रुमाल, बसची तिकिटं. खिशात काही ठेवायचं म्हणजे यांना शिक्षा वाटते.

तीन दरवाजा झाला, अंधारबाव झाली. धान्याच्या अंबरखान्यात हे बराच वेळ वर छताकडं बघत उभे राहिले. मला वाटलं, इतिहास आठवतोय. तर म्हणाले, इथं माग चांगले बसले असते, फक्त उजेड कमी पडला असता.

पुसाटी बुरुजाकडं गेलो तेव्हा भुरभूर सुरू झाली. मशीनला पाणी चालत नाही, म्हणून यांनी दोन्ही काढून रुमालात गुंडाळली आणि माझ्याकडं दिली. मी एका खोपटात भाकरीची ऑर्डर देऊन बाकावर टेकले. भाकरी होईपर्यंत बुरूज बघून येतो, अशी खूण करून हे निघाले. पाठमोरे दिसले, छत्री न उघडता काठीसारखी टेकत चालले होते.

मग धुकं आलं. पन्हाळ्याला धुकं असतं हे ऐकून होते, पण ते असं येतं हे माहीत नव्हतं. दरीतून वर चढलं, बुरूज गेला, वाट गेली, समोरचं झाड गेलं. चुलीचा जाळ तेवढा दिसत राहिला. भाकरी ताटात पडली तरी हे आले नाहीत.

भाकरीवाल्या बाईनं विचारलं, "पावणं कुठं गेलं?"

बुरुजाकडं, म्हटलं. ती म्हणाली, तिकडं कडंला भिंत बुटकी हाय, नवख्या माणसाला कळत न्हाय. मग तिनं मला हाक मारायला सांगितलं. मी म्हटलं, त्यांना ऐकू येत नाही. ती म्हणाली, मग फोन लावा की. मी पर्स उघडून दाखवली. वर मोबाईल, खाली चष्मा, रुमालात मशीन.

तिनं आत डोकावून बघितलं. "सगळा पावणा हितंच हाय की."

एरवी मी हसले असते. तेव्हा पर्स बंद केली आणि बाकावरून उठले. तिनं स्वतः बाहेर येऊन हाळ्या द्यायला सुरुवात केली. तिचा आवाज पार खाली गावापर्यंत जाईल असा होता, आणि ज्याच्यासाठी होता त्याला तो कळणारच नव्हता.

मी माझी छत्री घेऊन निघाले. पायाखालचे दगड दिसत होते, त्यापलीकडं काही नाही. हे खाली गेले असतील, हा विचार मी मनात येऊ देत नव्हते, तरी तो येत होता. मुलीला फोनवर काय सांगायचं, तेसुद्धा डोक्यात जुळायला लागलं होतं. मी स्वतःला दटावलं आणि दुसरा विचार धरला. हा माणूस धुक्यात काय करेल?

मी नवी सून म्हणून कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला बसले, तेव्हा यांनी मला पहिली गोष्ट शिकवली होती. लाईट गेली की हात मागे घ्यायचे आणि जागेवर उभं राहायचं. अंधारात चाचपडायचं नाही, कारण लाईट परत आली की माग न सांगता सुरू होतो. दिसेनासं झालं की हे थांबणार. चालणार नाहीत. एवढ्यावर माझी सगळी भिस्त होती. पण कुठं थांबले असतील? कडेच्या अलीकडं की अगदी कडेवर?

भिंतीला हात लावून पुढं सरकत गेले. भिंत ओली होती, शेवाळ हाताला लागत होतं. मग ती खाली उतरत गेली, कमरेएवढी, मग गुडघ्याएवढी. आणि तिथं हे दिसले. माझ्याकडं पाठ. हात मागे बांधलेले, त्यांत मिटलेली छत्री. बुटक्या भिंतीला पायाची नडगी टेकलेली, आणि समोर पांढरं.

धावत जाऊन शर्ट धरावा असं वाटलं. धरला नाही. आमच्यात मागावरच्या माणसाला मागून हात लावत नाहीत. शेजारच्या मागावरच्या एकाच्या पाठीवर दोस्तानं थाप मारली, तो दचकला आणि बोटाचं पेर गेलं, हे मी कांड्या भरताना बघितलेलं. माणसाला दिसेल असं बाजूनं जायचं आणि त्याच्या नजरेत यायचं. कारखान्यात ते सोपं असतं. इथं बाजूला म्हणजे त्याच बुटक्या भिंतीच्या कडेनं जायचं होतं.

मी चपला काढल्या, खाली बसले आणि बसूनच सरकायला लागले. साडी चिखलात भरली. एक खडा माझ्या हाताखालून निसटून पलीकडं गेला. तो पडल्याचा आवाज आला नाही. मी तिथंच थिजले. हे जरासुद्धा हलले नाहीत, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. पुन्हा सरकले. छत्री जमिनीलगत हळूहळू पुढं केली, यांच्या पायाच्या बाजूला येईल अशी.

यांची नजर खाली आली. छत्रीवरून माझ्यावर आली. मान वळली, पाय हलले नाहीत. मागचा एक हात सुटला आणि यांनी कारखान्यातली खूण केली. तळवा उभा. थांब, हात लावू नको, लाईट गेलीय.

मी मान हलवली आणि माझी खूण केली. मागे ये. हे एक पाऊल मागे आले, मग दुसरं. तेव्हा मी यांचा शर्ट धरला आणि भिंत उंच होईपर्यंत सोडला नाही.

तिथं उभ्या-उभ्या पर्समधून मशीन काढून यांच्या कानात घातली. एक मशीन दोनदा खाली पडता पडता वाचलं. कानात आवाज आला तसे हे धुक्याकडं बघून म्हणाले, "कोण बाई एवढ्यानं ओरडतीय?"

"तुम्हालाच बोलावतीय."

"कधीपासनं?"

मी यांचा हात धरून खोपटाकडं चालायला लागले. भाकरी गार झाली होती, बाईनं ती पुन्हा तव्यावर टाकून दिली. सज्जाकोठी बघायची राहिली होती. हे म्हणाले, धुकं उतरतंय, जाऊया का? मी म्हटलं, पहिल्या बसनं घरी. पर्समधून यांचा मोबाईल काढला आणि यांच्या शर्टाच्या खिशात घालून बटण लावलं. बसमध्ये खिडकीची जागा मी घेतली आणि कबनूर येईपर्यंत यांना आतल्या बाजूला बसवलं.