सगळ्या धर्मांची भाची

जिच्यावर नागपुरातल्या सगळ्या धर्मांनी हक्क सांगितला आणि जिला त्यातल्या एकानंही नोकरी दिली नाही, अशी पोरगी या शहरात एकच आहे, आणि ती माझी सख्खी भाची आहे. तिचा बाप खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला. पोरगी हुशार निघाली म्हणून त्यानं तिला इंजिनिअर करायचं ठरवून टाकलं होतं, कॉलनीत सांगूनही ठेवलं होतं. ही नागपुरात आमच्याकडे राहायला आली, कॉलेजात गेली आणि 'जगातले धर्म' हा विषय घेऊन बसली. बाप तणतणत आला. "धर्म शिकाले कॉलेजात काहून जा लागते गा? तो तं घरी फुकटात भेटते." आमच्या घराण्यात हा प्रश्न छप्पन सालीच निकाली निघाला होता. माझे आजोबा इतरांबरोबर मैदानावर गेले, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरी येऊन देव्हारा रिकामा केला आणि पुढच्या पिढ्यांना कामाधंद्याला मोकळं केलं. असं मी तरी समजत होतो. पोरीनं ती फाईल पुन्हा काढली, आणि नुसती आमचीच नाही, सगळ्या जगाची.

उपवासावर लिहायचं तर उपाशी राहायला हवं, असं तिचं मत. त्यामुळे वर्षभर आमच्या घरात कुठला ना कुठला उपवास चालू असायचा. माझी बायको रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायची, "आज कोणत्या धर्मात उपाशी हायस वं? तेवढं सांगत जाय, मंग कणीक भिजवाले बरं." एकदा रमजानात तिनं रोजे धरले आणि त्याच दिवसांत एका जैन मैत्रिणीच्या सोबतीनं सूर्यास्तानंतर न जेवण्याचंही व्रत घेतलं. सूर्य मावळल्याशिवाय रोजा सुटेना आणि मावळल्यावर व्रत तोंड उघडू देईना. पहाटे उठून खावं तर उजाडलेलं नाही, म्हणून तेही नाही. दोन्ही धर्म मिळून तिला जेवायला जागाच ठेवेनात. संध्याकाळी पोरगी भिंतीला धरून चालायला लागली तेव्हा बायकोनं वरणभाताचा मोठा घास कालवला आणि तिच्या तोंडात कोंबला. "हा आमच्या घरचा धर्म हाय. गिळ मुकाट्यानं." पोरीनं गिळला. मग वही घेऊन मामीला विचारू लागली की या नियमाला काही अपवाद आहेत का.

पण तिचा खरा अभ्यास पुस्तकात नव्हताच. तिची एक पद्धत होती, आणि ती तिनं कुठून आणली ते देव जाणे. म्हणजे त्यातला जो कोणी असेल तो. एखाद्या धर्माचं वाचून झालं की ती त्या धर्माच्या माणसाकडे जायची आणि म्हणायची, "तुमचा धर्म मी तुम्हाले सांगतो. चुकलं तं तिथंच थांबवा." मोमिनपुऱ्यातल्या एका टेलरमास्तरांना तिनं त्यांची जकात, म्हणजे कमाईतला दानाचा वाटा, समजावून सांगितली. त्यांनी मशीन थांबवून ऐकलं, दोन ठिकाणी टोकलं, तिसऱ्यांदा मान डोलावली आणि तिचा ड्रेस अल्टर करायचे पैसे घेतले नाहीत. इतवारीतल्या एका जैन शेटजींना तिनं त्यांचीच व्रतं सांगितली. ते ऐकता ऐकता इतके गंभीर झाले, की "बाई, यातलं अर्धं तं मलेच ठाऊक नव्हतं" असं म्हणून गिऱ्हाइकं तशीच उभी ठेवून बसले. गुरुद्वाऱ्यात पोळ्या लाटत, चर्चमधल्या सिस्टरच्या हाताखाली बाकं पुसत तिचं हेच चाले. समोरच्यानं मान डोलावेपर्यंत ती उठायची नाही. तिचं स्वप्नही एवढंच होतं. एखाद्या कॉलेजात असा वर्ग काढायचा, की मुलांनी शेजाऱ्याचा धर्म शिकावा आणि परीक्षा शेजाऱ्यानंच घ्यावी. "मामाजी, त्यानं 'हो, असंच हाय' म्हटलं का पास." मी म्हणायचो, बाई, या शहरात लोक शेजाऱ्याची आडनावंसुद्धा जातीच्या अंदाजानं लक्षात ठेवतात, तू काय घेऊन बसलीस. ती हसायची. हसायचे दिवस होते तिचे.

विद्यापीठात ती पहिली आली, सुवर्णपदक मिळालं, आणि मग सत्कारांचं पीक आलं. प्रत्येक समाजानं तिला बोलावलं, शाल पांघरली, नारळ दिला, आणि प्रत्येक ठिकाणी अध्यक्ष शेवटी हात वर करून म्हणाले की ही मुलगी मनानं आपलीच आहे. आमच्या घरात शाली ठेवायला जागा उरली नाही. कॉलेजातल्या सर्वधर्म प्रार्थनेला ऐनवेळी दोन धर्मांचे प्रतिनिधी आले नाहीत तर दोन्ही खुर्च्यांवर हिलाच आळीपाळीनं बसवत. आमच्या विहारातले एक वयस्कर काका मात्र नाराज होते. "आपल्या लोकाईनं एवढं सोसून एक धर्म घेतला, अन् हे पोरगी दुनियेचे धर्म घोटून राहिली." पोरीनं काकांना त्यांच्या धम्मातलं सम्यक दृष्टीचं सगळं समजावून सांगितलं. काकांनी मान डोलावली आणि नाराजी तशीच ठेवली.

मग खरोखरच एका कॉलेजानं असा वर्ग काढायचं ठरवलं. कॉलेजचं नाव सांगत नाही. जागा एकच होती. मुलाखतीला मीच तिला स्कूटरवर घेऊन गेलो. एवढे उपवास पचवलेली पोरगी, त्या दिवशी तिला चहा उतरेना. आत संस्थेची पाच-सहा बडी माणसं बसली होती. एकानं आपल्याच धर्माचा प्रश्न विचारला, हिनं उत्तर दिलं, त्यानं मान डोलावली. दुसऱ्यानं आपल्या धर्माचा विचारला, त्यानंही मान डोलावली. पोरीला वाटलं, झालं. मग अध्यक्ष म्हणाले, "हे सगळं ठीक आहे. तुमचा धर्म कोणता?" आता इथं काय म्हणायचं असतं? 'बौद्ध' म्हणायचं आणि खाली बघायचं. ही कार्टी म्हणाली, "सर, जन्मानं, आचारानं की श्रद्धेनं विचारताय?" अध्यक्षांनी समोरचा तिचा अर्ज उलटा करून ठेवला.

पुढचं मला तिथल्या बाबूनं सांगितलं. "पोरगी हुशार हाय, हे सगळेच म्हणे जी. पण याले वाटे ते त्याची हाय, अन् त्याले वाटे ते याची. मंग कोणाची म्हणून घ्यावं?" जागा संस्थेतल्याच एकाच्या नातेवाइकाला मिळाली. त्याच्या धर्माबद्दल कोणाला शंका नव्हती आणि अभ्यासाबद्दल कोणी विचारलं नाही. मला राग आला, अजून येतो. त्या अध्यक्षाला गाठून चार शब्द सुनवावेत असं ठरवलं होतं, पण पोरीनं हात धरला. म्हणाली, "जाऊ द्या मामाजी. त्याईनं प्रश्न बरोबर विचारला, मीच लंबं उत्तर दिलं."

आता ती स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये शिकवते. बाप खूश आहे, कॉलनीत पेढे वाटले त्यानं. परवा तिला घ्यायला गेलो तेव्हा वर्ग सुटायचा होता, म्हणून जिन्यातच उभा राहिलो. धर्मावरचे प्रश्न चालले होते. कोणता ग्रंथ कोणाचा, चार पर्याय, एक गुण. मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, "मॅडम, पारशी लोक आगीले एवढं काहून मानतेत?" ती फळ्यापासून वळली. तिचा चेहरा मी तेवढ्यात पाहिला. तो हसायच्या दिवसांतला चेहरा किती दिवसांनी पाहिला. तिनं खडू खाली ठेवला. तोच पुढच्या बाकावरून दुसरा म्हणाला, "हे परीक्षेत येते काय?"

"नाही येत," ती म्हणाली. खडू उचलला. "पर्याय ब. पुढचा प्रश्न घ्या."

परत येताना सदर भागातला सिग्नल लागला तेव्हा ती स्कूटरवर मागून म्हणाली, "मामाजी, त्या पोराचा प्रश्न चांगला होता, नाही?"

"चांगला होता बेटा."

"उद्या क्लास सुटला का थांबवतो त्याले. आरामात सांगतो."

सिग्नल सुटला. क्लास सुटला की पोरं थांबत नाहीत, बसेस पकडायच्या असतात, हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं.