वाघिणीसाठी बांधलेली पाणपोई

लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं किनवटच्या जंगलाकडे निघालो, एका वाघिणीला पाणी मिळतंय की नाही ते बघायला. बायको म्हणाली, "आपल्या नळाला पंधरा दिस झाले पाणी न्हाई, अन् तुम्ही वाघाची काळजी करून राहिले." मी गुपचूप डबा घेतला आणि गाडी काढली.

आम्ही दोघं म्हणजे मी, लातूरच्या मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला आडत्या, आणि शिवलिंगअप्पा, पंचाहत्तरीचे डाळमिलवाले. मोंढ्यात पोत्यामागे थोडे पैसे धर्मादाय म्हणून बाजूला काढायची जुनी रीत आहे. त्यातून देवळाला रंग लागतो, उन्हाळ्यात पाणपोई बसते. आदल्या वर्षी अप्पांनी पेपरात वाचलं, की जंगलातले पाणवठे आटलेत आणि दोन पिल्लांची वाघीण पाण्यासाठी भटकतेय. त्यांनी हे पैसे तिला द्यायचं काढलं. मोंढा हसला. "वाघ काय तुरीला भाव देणार हाय का?" अप्पा म्हणाले, "तहानल्याला कुणी असं इचारत नसतंय." पैसे वनखात्याकडे गेले, सिमेंटचं उथळ टाकं बांधलं गेलं आणि टँकरने भरायची सोय झाली.

आता आमची अक्कल ऐका. वनरक्षक राठोड यांनी जागा दाखवली होती ती जंगलात तीन किलोमीटर आत. पण पाणपोई म्हटली की ती रस्त्याच्या कडेला, आणि तिच्यावर देणाऱ्यांच्या नावाचा संगमरवरी दगड, हे आमच्या हाडात बसलेलं. "आत कोण वाचणार?" हे वाक्य माझं. आम्ही हट्ट धरला आणि टाकं रस्त्याकडेला झालं. यंदाच्या नव्या देणगीदारांचा दुसरा दगड आता आमच्या डिकीत होता.

पहाटे पाचला निघालात तर अहमदपूरपर्यंत ऊन लागत नाही. लोह्याला पोहे आणि चहा झाला, दोघांचे साठ रुपये. पाण्याचा जग मात्र हॉटेलवाल्याने मागितल्यावरच ठेवला, आणि तोही अर्धा. नांदेडला जेवून भोकर, हिमायतनगर करत पुढे गेलो. रस्ता भोकरनंतर खराब आहे, वेळ हातात ठेवा. वाटेत सहस्रकुंडाला थांबलो. एरवी जिथे पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, तिथे काळे खडक उघडे पडले होते. अप्पा बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून बसले. किनवटला लॉज सहाशेला मिळाला, अंघोळीला एक बादली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राठोड आले. त्यांचा चेहरा पाहूनच काहीतरी बिनसल्याचं कळलं. मोटारसायकलवरून ते पुढे आणि आम्ही मागे, असे पाणपोईपाशी पोचलो. टाक्यात पाणी होतं. दगडावरची आमची नावं लख्ख दिसत होती. दहा पावलांवर जमीन काळी पडली होती आणि वास येत होता.

"आठवडा झाला," राठोड म्हणाले. "वस्तीवरची जनावरंबी इथंच पाणी प्यायला येतात ना साहेब, दुसरीकडं थेंब न्हाई. वाघीणबी इथंच. वस्तीवरल्या गिरजाबाईची गाय गेली. दुधाची होती."

अप्पांनी दगडाकडे पाहिलं आणि मान फिरवली. वाघिणीला वाचवायला निघालो होतो आणि तिला गाईंच्या वाटेवर, माणसांच्या रागासमोर आणून बसवलं होतं.

गिरजाबाईचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. साठीची, एकटी बाई. आम्ही कोण ते राठोडांनी सांगितलं. तिने बाज टाकली आणि अर्धा अर्धा पेला पाणी दिलं. ते पाणी पिताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लोकं म्हनत होती, मेल्या गाईवर फवारणीचं औषध टाक," ती म्हणाली. "वाघीण पुन्ना खायला आली की मरंल, कटकट मिटंल. मी बसले काठी घेऊन. पंचनामा होईस्तोवर दोन दिस बसले. कुनाला जवळ येऊ देल्लं न्हाई."

"का हो बाई?" अप्पांनी विचारलं.

"लेकुरवाळी हाय ती. माझी गायबी लेकुरवाळीच होती." मग म्हणाली, "पन पुढच्या बारीला मी कुठवर बसू? दुसऱ्या कुनाची गाय गेली तर त्यो ऐकंल का?"

भरपाईचं विचारलं तर म्हणाली, "कागद नांदेडला गेला म्हनत्यात. लई लांब हाय नांदेड. किनवट जिल्हा व्हनार म्हनून ऐकून ऐकून म्हातारी झाले."

अप्पा बाजेवरून उठले आणि हात जोडले. "माय, चूक आमची हाय. तुम्हाला न इचारता पाणी मांडलं." गिरजाबाई संकोचली, पदर ओढून घेतला. मग तिनेच विचार सांगितला. राठोडांची आतली जागा वाघिणीला ठीक. हे टाकं मात्र कोरडं करा, आणि जनावरांसाठी हौद वस्तीत, घरांच्या मधोमध बांधा. आम्ही वर्षभर डोकं लावून जे केलं, ते तिने दोन वाक्यांत दुरुस्त केलं.

डिकीतल्या दगडाचं काय करायचं ते कळेना. गिरजाबाईने बोटाने चाचपून पाहिला आणि म्हणाली, "गुळगुळीत हाय. पाऊस पडल्यावर धुनं धुवायला व्हईल." आम्ही तो नावं खाली करून तिच्या मोरीत ठेवला.

परतल्यावर मोंढ्यात सगळ्यांना फोटो हवे होते. अप्पांनी उभं राहून झालं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. दोघेतिघे उठून गेले. बाकीच्यांनी आतल्या पाण्याला, वस्तीच्या हौदाला आणि गिरजाबाईला नवी गाय घेऊन द्यायला होकार दिला. वाघांसाठी द्यायचं असेल तर जरूर द्या. मात्र त्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना आधी विचारा.

आतलं टाकं बांधून भरलं, त्यानंतर बारा दिवसांनी राठोडांचा फोन आला. वाघीण दोनदा रस्त्याकडेच्या कोरड्या टाक्यापाशी येऊन गेली होती. मला ऐकवेना. मग म्हणाले, "आज सकाळी आतल्या पाण्यावर ठसे घावले. तिचे अन् दोन्ही पिल्लांचे." मी अप्पांना सांगायला उठलो, तेवढ्यात राठोड पुढे बोलले. "तुम्हाला उशिरा कळवलं साहेब, रागावू नका. आधी वस्तीवर जाऊन गिरजाबाईला सांगून आलो. रोज सकाळी इचारत होती."