उपटलेली जाळी

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीमागे टेकडी आहे. तिथे करवंदाची एकच जाळी उरली होती. उन्हाळ्यात आजूबाजूचं गवत करपून जायचं, ही मात्र हिरवीगार. आई ठाकुर्लीला दादाकडे राहायची. दर मे महिन्यात मी तिला त्याच जाळीची करवंदं न्यायचे. ती आधी विचारायची, "कोंबडा की कोंबडी?" आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. या वयातही हरलेलं तिला चालत नसे.

यंदा तिचं यकृत गेलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं, आता फक्त त्रास कमी ठेवायचा. मी ते ऐकलं. दादाने ऐकलं नाही. करवंदाच्या मुळीचा काढा यकृताला चालतो, असं त्याने मोबाईलवर वाचलं आणि कुदळ घेऊन टेकडीवर गेला. मी आईपाशी बसले होते. तो जाळी मुळासकट घेऊन आला. हात काट्यांनी ओरबाडलेले, चिकाने चिकट झालेले. थोड्या मुळ्या ठेचून त्याने काढा उकळायला ठेवला.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अभ्यास चालू असेल त्यावर. पण मुळीने हृदयाला धोका होऊ शकतो. देऊ नका."

"आता आणखी काय बिघडणारे?" दादा म्हणाला. मी गॅस बंद केला आणि पातेलं मोरीत ओतलं.

आईने आतून सगळं ऐकलं होतं. "अरे, अख्खी जाळी उपटलीस? मग मे महिन्यात काय खाऊ, तुझं डोकं?"

तिने फांदीवरचं एक हिरवं करवंद मागितलं, दात लावला आणि तोंड वाकडं केलं. दादाने कसंबसं विचारलं, "कोंबडा की कोंबडी?"

"कच्च्याचं काय कळतंय, माठ्या!"

एप्रिल संपायच्या आत ती गेली.

मे महिन्यात दादाने स्टेशनबाहेरून करवंदांचा द्रोण आणला. आम्ही ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ली. त्याने एक अर्धं तोडून माझ्यापुढे धरलं. लालभडक होतं.

"काढा दिला असता तर?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

हे तो फोनवरही विचारतो. मी तेवढंच सांगते. मुळ्या अजून त्याच्या गॅलरीत वाळत पडल्यात. मी टाकायला गेले, तर म्हणाला, राहू दे.