चिनी पिक्चरवरून अण्णांना नको ते बोललो

मित्रांनो, आज माझं लई चुकलं.

सकाळी दिंद्रुडला मोठ्या भावाकडं, अण्णांकडं होतो. टीव्हीवर जुन्या राजेशाहीच्या काळातला, तलवारबाजीचा चिनी पिक्चर हिंदीत लागला होता. शेवटी नायक आपल्या गुरूच्या खुन्याला जिवंत सोडून निघून जातो.

मी वैतागलो. "एवढं बघून शेवट हा? भित्रा निघाला की!"

अण्णा म्हणाले, "मला तर शेवटच आवडला. मारायची ताकद असून थांबणं सोपं हाय व्हय?"

अण्णा एकेकाळचे नावाजलेले पैलवान. ऐन उमेदीत त्यांनी कुस्ती सोडली, पण कावून ते कधी सांगितलं न्हाई. वादाच्या भरात मी घरी आलेल्या पाहुण्यांसमोर बोलून गेलो, "तुमाला आवडणारच. तुमीबी घाबरूनच आखाडा सोडला."

अण्णा उठले. चपला घालून शेताकडं निघून गेले.

वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, शेवटच्या कुस्तीत त्यांच्या डावानं समोरच्या पैलवानाची मान मोडली. तो अजून अंथरुणावर हाय. हे दर महिन्याला त्याला भेटून येतात. तुमी तवा लहान होता, म्हणून सांगितलं न्हाई."

मी शेतात पळालो. तोंड उघडणार तोच अण्णा म्हणाले, "जाऊ दे, पिक्चरच हाय. जेवलास का?"

मी नुसतं "हो" म्हणालो. जेवलो नव्हतो.

आता आष्टीला परत आलोय. दोनदा फोन लावला आणि रिंग जायच्या आत कापला. मोठ्या भावाची माफी मागताना तुमी पहिलं वाक्य काय बोलता?