खडूनं मारलेली रेघ

आमच्या नगरसेविका सुमनताईंनी कोपऱ्यावरच्या दूध केंद्राच्या भिंतीवर एक काळा फळा लावला आहे. प्रभागात काय चाललंय ते त्या रोज सकाळी स्वतः तिथं लिहितात. शेजारी सुतळीला आणखी एक खडू लोंबकळतो, तो आम्हा रहिवाशांसाठी.

जलवाहिनी फुटल्यापासून आठवडाभर मी नळ उघडा ठेवून, खाली बादली लावून बसत होते. सगळा जीव कानात. धड बाजारात जाववत नव्हतं की दोन घास सुखानं खाववत नव्हते. काल फळ्यावर होतं, 'उद्या सहाला पाणी येईल.' आज सहा वाजले, सात वाजले, नळ कोरडाच. चार शब्द सुनावायचेच, म्हणून मी तावातावानं खाली उतरले.

सुमनताई फळ्यापुढेच उभ्या होत्या. कालची ओळ पुसलेली नव्हती. तिच्यावर रेघ मारून त्या खाली लिहीत होत्या, 'माझं चुकलं. पाणी परवा येईल, त्याआधी नाही. टँकर आज नऊला शाळेपाशी.'

"जुनं पुसून टाका की ताई," दूधवाले काका म्हणाले.

"पुसलं तर परवाचं कोण खरं मानेल?"

माझा राग कुठं गेला कळलंच नाही. पाण्यावाचून दोन दिवस निघतात हो. वाट बघणं माणसाला दमवतं. कुणी तोंडावर 'नाही' म्हटलं, तर निदान पाठ टेकता येते.

मी सुतळीचा खडू घेतला आणि लिहिलं, 'तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे दोन हंडे मी भरून आणते.'

घरी आले आणि आठवड्यात पहिल्यांदा नळ घट्ट बंद केला.