आमच्या मंडळीतले पश्चात्ताप

सांगलीतले आम्ही मॉर्मन पंथाचे ख्रिस्ती म्हणजे एका भाड्याच्या हॉलमध्ये मावणारी माणसं. आमच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं बंद! एवढं बंद म्हटल्यावर चुकायला वाव केवढा! चुकलं की अध्यक्षांना जाऊन सांगायचं. अध्यक्ष म्हणजे आमचे विलासराव. बिनपगारी. एरवी मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतात. ते कुणाचं कुणाला सांगत नाहीत. चुकलेलेच सांगत फिरतात, म्हणून तर हे किस्से साठतात!

*

सुभेदार आप्पा फौजेतून रिटायर झालेले. मंडळीत नवीन असताना एका रविवारी अध्यक्षांसमोर उभे राहिले.

"साहेब, गुन्हा कबूल हाय. पाव्हण्यांकडं चहा घेतला."

"कपभर?"

"छ्या! कपाला हात लावला न्हाई. निस्ती बशी!"

*

अध्यक्ष हसून म्हणाले, "पुढच्या रविवारी निवांत बोलू." आप्पांना वाटलं, कोर्टमार्शल! रविवारी आले ते युनिफॉर्म घालून. छातीवर मेडलं, बूट चकाचक! अध्यक्ष दचकलेच.

"आप्पा, बसा की. नुसतं बोलायचंय."

"बोला साहेब. मी सावधानमध्ये ऐकतो!"

*

अध्यक्षही काही सुटलेले नाहीत. तासगावकडचा एक शेतकरी दुकानात लय घाई करत होता. विलासराव त्याच्यावर नको ते ओरडले. तो विहिरीवरची मोटार तिथंच टाकून तरातरा निघून गेला. ह्यांना काही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून गाडीवर थेट त्याच्या मळ्यात! हात जोडून बांधावर उभे राहिले.

शेतकऱ्याचा चेहराच उतरला. "आवं, जळली व्हय मोटार?"

*

सुशीलाकाकू जतच्या. धाकट्या जावेशी भांडण, बोलणं बंद. अध्यक्ष म्हणाले, "आधी तिची माफी मागा, मग देवाची."

काकू गेल्या आणि परत आल्या. "सांगितलं की. माझं चुकलं, पण सुरुवात तू केलीस!"

"काकू, त्यातला 'पण' काढा."

पुन्हा गेल्या. "काढला 'पण'. माझं चुकलं, सुरुवात तू केलीस!"

शेवटी एकदा नुसतं "माझं चुकलं" म्हणाल्या आणि गप्प बसल्या. जाऊ घाबरली. काकूंच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "अक्का, ताप हाय का वं?"

*

आणि बाळूचं. बाळू शिरवळला कंपनीत कामाला, रविवारी मात्र सांगलीत. त्याच्या हातून काहीतरी मोठं घडलं. काय, ते आम्ही विचारलं नाही. त्यानं स्वतःच अध्यक्षांकडं जाऊन कबुली दिली. आमच्यात दर रविवारी प्रभूच्या आठवणीसाठी पावाचे तुकडे आणि घोटभर पाणी ताटातून फिरवतात. बाळूला काही महिने ते घ्यायची मनाई झाली. यायचं, बसायचं आणि ताट पुढं सरकवायचं. तेही सगळ्यांदेखत! आम्हाला वाटलं, हा काही आता येत नाही.

पण आला. दाराजवळच्या खुर्चीत, मान खाली घालून.

आप्पा आपल्या जागेवरून उठले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. ताट आलं, बाळूनं पुढं सरकवलं. आप्पांनीही सरकवलं!

"आप्पा, तुमी काय केलंय?" बाळू कुजबुजला.

"काय न्हाई रं. गप बस."

मग दर रविवारी तेच. अध्यक्षांनी आप्पांना बाजूला घेतलं. "आप्पा, तुम्हाला मनाई नाहीये."

"म्हाईत हाय. त्याला हाय न्हवं!"

असा उन्हाळा गेला. मग एका रविवारी अध्यक्षांनी बाळूच्या खांद्यावर हात ठेवला. "आज घे."

ताट आलं. बाळूनं तुकडा उचलला. केवढासा तो, नखाएवढा! त्याचे त्यानं दोन केले आणि अर्धा आप्पांच्या हातावर ठेवला.

आप्पांनी तो तोंडात टाकला. बराच वेळ चावत बसले. मग डोळे न पुसताच म्हणाले, "आता सरकव ताट पुढं."